हृदयस्नायूच्या आजारात पूरक गोळ्या: सुरू करण्यापूर्वी काय तपासावे आणि कशा घ्याव्यात

इको तपासणीत हृदयस्नायूचा आजार, म्हणजे कार्डिओमायोपॅथी, असल्याचे कळले की पहिल्या काही आठवड्यांतच घरात एक प्रश्न निघतो: औषधे सुरू झाली, पण हृदयाला ताकद येईल असे आणखी काही देता येईल का? प्रश्न मायेपोटी येतो आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर मिळायला हवे. कोणी कोएन्झाइम क्यू१०ची बाटली आणून देते, कोणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुचवते, कोणी मॅग्नेशियमचे नाव घेते, आणि महिन्याभरात रुग्णाच्या उशाशी लिहून दिलेल्या औषधांपेक्षा न लिहून दिलेल्या गोळ्याच जास्त जमतात. या वाटेवर नव्याने आलेल्या रुग्णासाठी आणि त्याची काळजी घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पूरक हे शरीरातली उणीव भरून काढण्यासाठी असते. म्हणून आधी उणीव आहे का ते पाहावे आणि मगच गोळी निवडावी, हा क्रम मी शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे.

पहिली पायरी: आजाराचे नेमके नाव विचारून घ्या

कार्डिओमायोपॅथी हे एकाच आजाराचे नाव नव्हे. विस्फारित प्रकारात हृदयाचा डावा कप्पा ताणून मोठा होतो आणि रक्त ढकलण्याची ताकद, जिला बोलीत ‘पंपिंग’ म्हणतात, कमी होते. अतिवृद्ध प्रकारात स्नायू जाड होतो. हा प्रकार बहुतांशी आनुवंशिक असतो आणि काही रुग्णांमध्ये जाड झालेल्या स्नायूमुळे रक्त बाहेर पडण्याची वाटच अरुंद होते. ताठर प्रकारात स्नायू नीट सैल पडत नाही, आणि त्यामागे कधी अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा, तर कधी लोहाचा साठा असतो. बाळंतपणाच्या सुमारास उद्भवणारा, अतिमद्यपानामुळे होणारा, कर्करोगाच्या काही औषधांमुळे होणारा असे आणखीही प्रकार आहेत.

पूरकांच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. एल-आर्जिनिन किंवा नायट्रेटयुक्त अर्कांच्या पुड्या रक्तवाहिन्या सैल करतात. अतिवृद्ध प्रकारात ज्याची वाट अरुंद झालेली आहे त्याचा अडथळा त्यामुळे वाढू शकतो आणि उभ्याउभ्या भोवळ येऊ शकते. ज्याच्या हृदयात लोह साचून आजार झाला आहे त्याला ‘अशक्तपणासाठी’ म्हणून लोहाची गोळी देणे म्हणजे रोगालाच खाद्य पुरवणे होय. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: प्रकार कोणता, कारण सापडले आहे का, इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते, तो आकडा) किती आहे, आणि मूत्रपिंडांचे काम कसे आहे. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मॅग्नेशियम, पोटॅशियम यांसारखी क्षारद्रव्ये शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडेच करतात आणि ती मंदावलेली असतील तर साधी वाटणारी मात्राही रक्तात साचत जाते.

दुसरी पायरी: मूळ औषधांची घडी बसू द्या

पंपिंग कमी झालेल्या रुग्णाच्या उपचाराचा पाया आज औषधांच्या चार गटांवर उभा आहे: एसीई इनहिबिटर किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनसारखी औषधे, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनच्या गटातील औषधे, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. आयुष्य वाढवण्याचा आणि रुग्णालयात भरती होण्याची वेळ कमी करण्याचा भक्कम पुरावा यांच्या बाजूने आहे. कोणतेही पूरक त्यांच्या जागी बसू शकत नाही, आणि पूरक चालू केल्यावर ‘आता बरे वाटते’ म्हणून यांतली एकही गोळी आपल्या मनाने कमी करू नये.

या औषधांची मात्रा काही आठवडे टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. त्या काळात रक्तदाब खाली येतो, थकवा जाणवतो, क्रिॲटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला घटक) आणि पोटॅशियम वरखाली होते. नेमक्या याच काळात तीन नव्या बाटल्या उघडल्या, तर चक्कर कशाने आली, जुलाब कशाने झाले, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मात्रा स्थिर होऊन किमान एक रक्ततपासणी समाधानकारक येईपर्यंत पूरकांचा विषय थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला एकच अपवाद आहे: तपासणीत सिद्ध झालेली आणि डॉक्टरांनी स्वतः भरून काढायला घेतलेली उणीव.

तिसरी पायरी: उणीव शोधा

काही उणिवा अशा आहेत की त्यांच्यामुळेच हृदयस्नायू दुबळा पडतो आणि त्या भरून काढल्या की तो सावरतो. पूरकांचा खरा मान इथे आहे.

थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब१. प्रौढ व्यक्तीला ते दिवसाला साधारण १.१ ते १.२ मिलिग्रॅम लागते आणि शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. ते फार घटले तर बेरीबेरी होतो आणि त्याच्या ‘ओल्या’ प्रकारात अंगावर सूज येऊन हृदय निकामी होऊ लागते. वेळीच थायमिन दिले तर सुधारणा थोडक्या काळात दिसू लागते. दीर्घकाळ मद्यपान करणारे, सतत उलट्या होणारे आणि वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना याचा धोका अधिक असतो. फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळ्यांमुळेही थायमिन लघवीवाटे जास्त बाहेर पडते. त्यामुळे ती गोळी मोठ्या मात्रेत आणि बराच काळ चालू असेल तर थायमिनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. मात्र उणीव न पाहता सरसकट थायमिन दिल्याने पंपिंग सुधारते, असा ठाम पुरावा मिळालेला नाही.

सेलेनियमची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असावी अशी आहे. चीनच्या हैलोंगजियांग प्रांतातील केशान भागात १९३५ मध्ये हृदयस्नायूच्या एका आजाराची साथ नोंदली गेली. तिथल्या मातीतच सेलेनियम अत्यल्प होते आणि बळी पडत होत्या मुख्यतः लहान मुले व तरुण स्त्रिया. १९७० च्या दशकात मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या देण्यात आल्या आणि आजाराचे प्रमाण झपाट्याने खाली आले. या आजारामागे कॉक्सॅकी विषाणूचाही हात होता असे पुढील संशोधनातून दिसले. म्हणजे उणिवेने जमीन तयार केली आणि विषाणूने तिथे मूळ धरले. पण याच सेलेनियमची मर्यादाही अरुंद आहे. प्रौढाची गरज दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम आहे आणि ४०० मायक्रोग्रॅम ही प्रचलित कमाल मर्यादा मानली जाते. तिच्या वर दीर्घकाळ गेल्यास केस गळतात आणि नखे ठिसूळ होऊन तुटतात. मल्टिव्हिटॅमिन, ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल आणि वेगळी सेलेनियमची गोळी अशी तिन्ही एकत्र घेणारा माणूस नकळत त्या दिशेने जात असतो.

कार्निटिन हे चरबीचे इंधन पेशीतील मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागापर्यंत, वाहून नेते. एसएलसी२२ए५ या जनुकातील दोषामुळे काही बालकांच्या शरीरात ते टिकत नाही आणि त्यांचे हृदय विस्फारित होते. अशा बालकाला आयुष्यभर कार्निटिन दिले जाते आणि त्याने हृदय सावरते. लहान मुलाला विस्फारित कार्डिओमायोपॅथी असल्याचे निदान झाले आणि कारण सापडले नाही, तर कार्निटिनची पातळी तपासली आहे का, हा पालकांनी विचारलाच पाहिजे असा प्रश्न आहे. तान्ह्या बाळात जीवनसत्त्व ड आणि कॅल्शियम यांची तीव्र कमतरताही हृदय दुबळे करू शकते आणि ती भरून काढल्यावर हृदय पूर्ववत होऊ शकते.

प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक दुर्लक्षित उणीव लोहाची आहे. हृदय दुबळे असलेल्या रुग्णात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी, किंवा १०० ते २९९ च्या दरम्यान आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहून नेणारे प्रथिन किती भरलेले आहे ते प्रमाण) २० टक्क्यांपेक्षा कमी, असे असल्यास लोहाची कमतरता मानण्याची रीत आहे, मग हिमोग्लोबिन नेहमीसारखे असले तरीही. इथे घरच्या घरी होणारी चूक म्हणजे लोहाच्या गोळ्या सुरू करणे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयर्नआउट-एचएफ या चाचणीत २२५ रुग्णांपैकी निम्म्यांना १६ आठवडे, दिवसातून दोनदा १५० मिलिग्रॅम लोह तोंडावाटे दिले गेले आणि त्यांची व्यायामक्षमता वाढली नाही. या आजारात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढलेले असते आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही, हे त्याचे एक कारण. शिरेतून दिलेल्या लोहाने मात्र लक्षणांमध्ये आणि चालण्याच्या क्षमतेत फरक पडल्याचे चाचण्यांत दिसले आहे. तेव्हा हा निर्णय अहवाल हातात घेऊन डॉक्टरांसोबतच करावा.

मॅग्नेशियम लघवीच्या गोळ्यांमुळे घटते आणि ते फार घटले तर ठोके अनियमित होतात. रक्ततपासणी करून, मूत्रपिंडांचा अंदाज घेऊन ते देता येते. जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास आहे.

चौथी पायरी: उणीव नसताना घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा पुरावा पाहा

कोएन्झाइम क्यू१० हे नाव सर्वांत आधी कानावर पडते. १९५७ मध्ये फ्रेडरिक क्रेन यांनी ते गाईच्या हृदयातील मायटोकॉन्ड्रियातून वेगळे केले. पेशीत ऊर्जा तयार होण्याच्या साखळीतला हा एक दुवा आहे आणि हृदय अखंड राबत असल्याने त्याला तो भरपूर लागतो, म्हणून या गोळीमागची कल्पना समजण्यासारखी आहे. २०१४ मध्ये क्यू-सिम्बिओ ही चाचणी प्रसिद्ध झाली. हृदय दुबळे झालेल्या ४२० रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, असे दोन वर्षे दिले गेले. त्यांच्यापैकी १५ टक्के रुग्णांना हृदयाशी संबंधित गंभीर प्रसंगाला तोंड द्यावे लागले, तर नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. आकडे आशा वाटावी असे आहेत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हृदयविकारातील औषधांच्या चाचण्या हजारो रुग्णांवर होतात, त्या मानाने ही लहान होती. आणि आजचे चार गट एकत्र वापरात येण्यापूर्वीची ती आहे. शिवाय पहिल्या १६ आठवड्यांत लक्षणीय फरक दिसला नव्हता, त्यामुळे पंधरा दिवसांत ताकद आल्याचे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. डॉक्टरांनी होकार दिला तर ही गोळी जेवणासोबत घ्यावी, कारण ती स्निग्ध पदार्थात विरघळते.

ओमेगा-३ बाबत पुरावा मोठा आणि परिणाम लहान आहे. २००८ च्या जिस्सी-एचएफ चाचणीत सुमारे ७,००० रुग्णांना दररोज १ ग्रॅम ओमेगा-३ किंवा दिसायला तशीच कॅप्सूल दिली गेली. जवळपास चार वर्षांत मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २७ आणि २९ टक्के राहिले. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला ‘विचार करता येईल’ एवढेच स्थान आहे. जास्त मात्रेने एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांचा विकार वाढू शकतो. हा विकार ज्यांना आधीपासून आहे त्यांनी ओमेगा-३ आपल्या मनाने सुरू करूच नये.

जीवनसत्त्व ड बद्दल दोन चाचण्यांची तुलना करण्यासारखी आहे. दोन्हींत दररोज ४,००० युनिट दिले गेले. व्हिंडिकेटमध्ये वर्षभरात इजेक्शन फ्रॅक्शन वाढले, पण सहा मिनिटांत चालता येणारे अंतर वाढले नाही. तीन वर्षांच्या एव्हिटा चाचणीत मृत्यूचे प्रमाण घटले नाही, उलट हृदयाला यंत्राचा आधार देण्याची गरज अधिक रुग्णांना पडली. कमतरता असेल तर ती भरावी, पण हृदयासाठी म्हणून मोठी मात्रा घेत राहू नये, असा याचा अर्थ मी घेतो.

जीवनसत्त्व ई हृदयासाठी घेऊ नये. होप चाचणीच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील भागात दररोज ४०० युनिट घेणाऱ्यांमध्ये हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. टॉरिनची कथा मांजरांची आहे: त्यांच्यातील विस्फारित कार्डिओमायोपॅथी टॉरिनच्या उणिवेमुळे होते, हे १९८७ मध्ये कळले आणि ते दिल्यावर मांजरे बरी झाली. माणसाचे शरीर मात्र टॉरिन स्वतः तयार करते, म्हणून मांजराचे यश माणसाच्या बाटलीवर छापता येत नाही.

पाचवी पायरी: औषधे आणि पूरके एकाच कागदावर मांडा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर दोन रकाने आखा. डावीकडे लिहून दिलेली औषधे मात्रेसह लिहा. उजवीकडे तोंडावाटे जाणारे बाकी सगळे लिहा. त्यात गोळ्या, पुड्या, अर्क, व्यायामाआधी घ्यायची पावडर, केसांसाठीच्या कॅप्सूल आणि मिठाला पर्याय म्हणून वापरायचे मीठही आले पाहिजे. हा कागद डॉक्टरांना आणि औषध देणाऱ्या फार्मासिस्टलाही दाखवा. त्यावर नजर टाकताना पुढील जोड्या मुद्दाम शोधाव्यात.

डावीकडे स्पायरोनोलॅक्टोन, एसीई इनहिबिटर किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन आणि उजवीकडे पोटॅशियमची गोळी किंवा कमी सोडियमचे मीठ, ही सर्वांत धोकादायक जोडी आहे. अशा मिठात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तातील पोटॅशियम फार वाढले तर हृदय थांबू शकते आणि त्याआधी ठळक लक्षण दिसेलच असे नाही. वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधासोबत कोएन्झाइम क्यू१० घेतल्यास रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम घटू शकतो, कारण त्याची रचना जीवनसत्त्व के सारखी आहे. गिंको किंवा लसणाच्या तीव्र अर्काने उलट रक्तस्राव वाढू शकतो. सेंट जॉन्स वर्ट ही मनाच्या उदासीवर घेतली जाणारी वनस्पती डिगॉक्सिन (हृदयाचे एक औषध) आणि वॉरफॅरिन या दोन्हींचा परिणाम कमी करते. ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात आणि रोज घेतल्यास अंगात पाणी साचते आणि पोटॅशियम घटते. डिगॉक्सिन चालू असताना घटलेले पोटॅशियम विषबाधेला आमंत्रण देते. वजन घटवण्याच्या आणि व्यायामाच्या पावडरींतील उत्तेजक द्रव्ये कोणत्याच प्रकारच्या कार्डिओमायोपॅथीत चालत नाहीत.

दोन गोष्टी सहसा कागदावर येतच नाहीत. पहिली म्हणजे पाण्यात फसफसणारी गोळी: तिची फसफस सोडियमच्या क्षारांमुळे होते आणि एका गोळीत काहीशे मिलिग्रॅम सोडियम असू शकते, म्हणजे जेवणातून काटेकोरपणे काढलेले मीठ पेल्यातून परत येते. दुसरी म्हणजे केस आणि नखांसाठी घेतले जाणारे बायोटिन. त्याची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, पण बाजारातल्या गोळ्यांत ते ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅमही असते. एवढ्या मात्रेने काही यंत्रांवरील ट्रोपोनिनची (हृदयस्नायूला इजा झाली आहे का ते दाखवणारी) तपासणी खोटी कमी दाखवली जाऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये दिला. छातीत दुखत असताना ट्रोपोनिन ‘नॉर्मल’ आले म्हणून घरी पाठवले जाणे किती घातक आहे, हे वेगळे सांगायला नको. बायोटिन घेत असाल तर रक्त काढण्यापूर्वीच सांगा.

सहावी पायरी: बाटली हातात घेऊन मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूवरचे मोठे अक्षर फसवे असते. माशाच्या तेलाच्या बाटलीवर ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेले असते. ते तेलाचे वजन असते. मागच्या बारीक तक्त्यात ईपीए १८० आणि डीएचए १२० (ही ओमेगा-३ ची दोन रूपे) असे आकडे सापडतात, म्हणजे कामाचा भाग ३०० मिलिग्रॅम. त्याच तक्त्याच्या वरच्या ओळीत एका वेळची मात्रा ‘दोन कॅप्सूल’ अशी दिली असेल तर खालचे सगळे आकडे दोन कॅप्सूलचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. घटकांच्या यादीत ‘खास मिश्रण’ असे लिहून एकत्रित वजन दिले असेल आणि प्रत्येक घटकाचे वेगळे प्रमाण नसेल, तर ती बाटली परत ठेवावी. बहुतेक देशांत पूरकांना विक्रीपूर्वी औषधांसारखी परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही, त्यामुळे यूएसपी किंवा एनएसएफ यांसारख्या स्वतंत्र तपासणीची खूण असलेले उत्पादन निवडणे बरे. ती खूण आत जे लिहिले आहे तेच आहे एवढे सांगते. ते तुमच्या हृदयाला उपयोगी आहे असे सांगत नाही.

सातवी पायरी: एका वेळी एकच, आणि नोंद ठेवून

डॉक्टरांच्या संमतीने ठरलेले पूरक एकटे सुरू करा आणि किमान महिनाभर दुसरे नवे काही जोडू नका. सुरू केल्याची तारीख, मात्रा आणि कशासाठी घेत आहोत हे एका वाक्यात लिहा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करा आणि शेजारी रक्तदाब, नाडी व घोट्यावरची सूज नोंदवा. सूज पाहताना घोट्याच्या वर हाडावर अंगठा काही क्षण दाबून धरा आणि सोडा. खड्डा राहिला तर तेही लिहा. पोटॅशियम, मॅग्नेशियम किंवा मूत्रपिंडांवर परिणाम करणारे काही सुरू झाले असेल तर रक्ततपासणी कधी करायची ती तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या.

तीन महिन्यांनी वही उघडून, ज्यासाठी गोळी सुरू केली होती ते साधले का ते पाहा. उणीव भरून निघाली असेल तर मात्रा कमी करायची की थांबवायची, हे विचारा. फरक दिसला नसेल तर ती बंद करण्यात काहीच गैर नाही. क्यू१०सारख्या गोळीला अधिक अवधी लागतो, म्हणून तिची मुदत सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून ठरवावी. शस्त्रक्रिया, अँजिओग्राफी किंवा पेसमेकर बसवण्याची तारीख ठरली की कोणती पूरके किती दिवस आधी थांबवायची, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

तीन दिवसांत वजन २ किलोपेक्षा जास्त वाढले, आडवे पडल्यावर दम लागू लागला किंवा पूर्वीपेक्षा जास्त उशा घ्याव्या लागू लागल्या, तर नवे पूरक तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लिहून दिलेली औषधे मात्र त्यांनी सांगेपर्यंत चालू ठेवा. शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले किंवा ठोके बेफाम धावू लागले, तर फोनची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. निघताना दोन रकान्यांचा तो कागद आणि उजव्या रकान्यातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना रुग्णाच्या पोटात काय काय गेले आहे याचा अंदाज करत बसावा लागणार नाही.